दिवा दिसला तर या

खोलीत पाऊल टाकलं की ते दारातच थांबायचे, मान जराशी डावीकडे कलती करायचे आणि सांगायचे, "पाच चालू आहेत. सहावी आचके द्यायलीय. स्टार्टर बघा तिचा." मग आपण वर बघायचं. पाच ट्यूबलाइटी धड जळत असायच्या आणि सहावी कोपऱ्यात लुकलुकत असायची. आपण सकाळपासून तिच्याखालीच बसलेलो असायचो आणि आपल्याला पत्ता नसायचा.

आता यात विशेष काय, असं तुम्ही म्हणाल. विशेष एवढंच, की त्यांना डोळ्यांनी अजिबात दिसत नव्हतं. पाचव्या वर्षी गोवर आला आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेला. परभणीकडचं गाव, दवाखाना लांब. हे ते स्वतःच सांगायचे, आणि ऐकणाऱ्याने च्-च् करायच्या आत विषय बदलायचे. ट्यूबचा चोक गुणगुणतो हे तुम्हाआम्हाला कुणी लक्षात आणून दिलं तरच ऐकू येतं. त्यांना ते सतत ऐकू यायचं. उजेड त्यांच्याकडे कानातून यायचा.

पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी होती. रबराचे वॉशर आणि सील बनवायची. मी डिस्पॅचला चलनं लिहायचे, ते टेलिफोन ऑपरेटर. माणसांना नावाने हाक मारायची त्यांना सवयच नव्हती. एक्स्टेंशनच्या नंबराने मारायचे. स्टोअर अकरा, मालक वीस, मी चौदा. "चौदा, आज आवाज बसलाय तुमचा, गरम पाणी घ्या." माझं लग्न झालं, आडनाव बदललं, तेव्हा महिनाभर ऑफिसात सगळ्यांचा घोळ चालला होता. त्यांचा झाला नाही. मी चौदाच राहिले.

आणखी एक नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. ऑपरेटरने आपला फोन करायचा नसतो, लाइन दुसऱ्यांसाठी असते. एकतीस वर्षं समोर अख्खं बोर्ड असताना या माणसाने स्वतःसाठी एक नंबर फिरवला नाही. बहिणीला मुलगा झाल्याचं कळलं तेव्हासुद्धा ते जेवणाच्या सुट्टीत काठी टेकत गेटबाहेरच्या पीसीओवर गेले. मी म्हटलं, अहो, मालक काही बोलणार नाहीत. तर म्हणाले, मालकांचा प्रश्नच नाही. मला तेव्हा हा शुद्ध आचरटपणा वाटला होता. आजही थोडा वाटतो.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे एक प्रश्न. "कुणासाठी चालू आहे?" जेवायच्या सुट्टीत सगळे कॅन्टीनला गेले की ते रिकाम्या खोल्यांवरून चालत जायचे, चोक ऐकायचे, आत जाऊन बटण बंद करायचे. कधी एखादा माणूस आत गुपचूप डबा खात असायचा आणि अंधारात ओरडायचा. तेव्हा ते सॉरी म्हणून परत चालू करायचे. एकदा तो ओरडणारा माणूस म्हणजे खुद्द वीस नंबर निघाले.

त्यांची जिज्ञासा मात्र अफाट होती. सगळ्यांना प्रश्न विचारत राहायचे. पांढरा उजेड आणि पिवळा उजेड यांत फरक काय? कोणता बरा? अकाउंट्सवाला म्हणायचा पांढरा, आकडे ठसठशीत दिसतात. मी म्हटलं पिवळा, पांढऱ्यात माणूस आजारी दिसतो. अकरा नंबर, म्हणजे आमचे स्टोअरकीपर, पावणे गावातलेच. जमिनी कंपन्यांच्या पोटात गेलेल्या, स्वतः कंपनीत लागलेले. ते म्हणाले, पांढऱ्या उजेडात कोलंबी शिळी वाटते. तिघांची तीन उत्तरं ऐकून ते खूश झाले. म्हणाले, तुम्हाला दिसूनही तुमचं एकमत नाही, म्हणजे माझं फार काही बुडालेलं नाही.

झिरोच्या बल्बची गोष्ट सांगायलाच हवी. ऑफिसच्या दारात देवाची तसबीर होती आणि तिच्यावर लाल झिरोचा बल्ब रात्रंदिवस जळायचा. तुमच्याही घरी कुठेतरी असा बल्ब जळत असेल, किंवा लहानपणी जळताना पाहिला असेल. आपल्याकडे ही एक गोड समजूत आहे, की झिरोचा बल्ब म्हणजे झिरो वीज. त्यांची खुर्ची त्या बल्बच्या बरोबर खाली. एके दिवशी ते म्हणाले, चौदा, हा झिरो नाही, माझ्या टकलाला ऊब लागायलीय.

मी हसले. अकरा नंबर तर चिडलेच. "झिरोच हाय तो. झिरोला कसली वीज लागते?"

"बघू की मग," ते म्हणाले.

शनिवारी दुपारी कंपनी सुटल्यावर त्यांनी आम्हा दोघांना थांबवून घेतलं. स्टोअरला वेगळा मीटर होता, जुना, आत चकती फिरते तसला. तो लाल बल्ब काढून स्टोअरमध्ये लावला, बाकी एकूणएक बटण बंद केलं, आणि मला मीटरसमोर उभं केलं. चकतीवर एक काळी खूण असते. ती दिसेनाशी झाली की परत कधी येते ते सांगायचं. घड्याळ त्यांच्या हाताला, बोटाने चाचपायचं. मी उभी. खूण गेली. दोन मिनिटं झाली, चार झाली. अकरा नंबर विजयी मुद्रेने स्टुलावर बसले. सहा मिनिटं झाली आणि डाव्या बाजूने ती काळी खूण सरपटत सरपटत आली.

"आली," मी म्हटलं.

त्यांनी घड्याळाच्या काट्यावरून बोट फिरवलं. पावणेसात मिनिटं. तिथल्या तिथे तोंडी हिशेब करून सांगितलं, पंधरा वॉट. रात्रंदिवस जळतो, म्हणजे महिन्याला दहा-अकरा युनिट. अकरा नंबर बराच वेळ त्या बल्बकडे बघत राहिले, घरातल्याच कुणीतरी फसवल्यासारखे. संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी देव्हाऱ्यातला, जिन्यातला आणि गोठ्यातला असे तीन झिरोचे बल्ब उतरवले म्हणे.

मालकांना सांगायची वेळ आली तेव्हा सगळे मागे सरले, कारण प्रश्न देवाचा होता. तेच आत गेले. म्हणाले, देवाचा दिवा बंद करा असं मी म्हणत नाही, फक्त त्याला झिरो म्हणू नका. अर्ध्या वॉटचा एलईडी मिळतो, लालच मिळतो, तो लावा. मालकांनी लावला. आणि मग विचारलं, बाकीच्या कंपनीचं काय?

असं ते एलईडीचं प्रकरण सुरू झालं. कंपनीत दीडशेच्या वर ट्यूब होत्या आणि एलईडी तेव्हा नव्या, महाग. मालकांचा जीव खालीवर. त्यांनी मालकांना टेबललँपच्या बल्बखाली हात धरायला लावला आणि म्हणाले, "साहेब, ही शेगडी आहे. उजेड हिच्यातून चुकून पडतो. तुम्हाला उजेड दिसतो, म्हणून शेगडी दिसत नाही. मला फक्त शेगडीच कळते." मग ट्यूबचा हिशेब. चाळीसची ट्यूब, वर चोकचे दहा, म्हणजे पन्नास. चोक गातो ना, त्याचेही पैसे लागतात. एलईडी वीसमध्ये तेवढाच उजेड देते. घेताना महाग, जाळताना स्वस्त. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. महिनाभर स्टोअरमध्ये लावा आणि मीटर बघा.

महिनाभर लावल्या. मी आणि अकरा नंबर रोज सकाळी मीटर वाचायचो, एकमेकांवर नजर ठेवून, कारण दोघांनाही वाटायचं दुसरा लबाडी करील. युनिट निम्म्याहून खाली आले. दिवाळीच्या सुट्टीत सगळी कंपनी बदलली.

दिवाळीनंतरची पहिली सकाळ मला लख्ख आठवते. ते शेडच्या दारात आले, थांबले, मान कलती केली. आणि तसेच उभे राहिले. मशिनी अजून सुरू व्हायच्या होत्या, शेडमध्ये अगदी शांतता होती. मी जवळच होते. मला वाटलं, आता आकडा सांगतील.

"चालू आहेत का?" त्यांनी हळू विचारलं.

सगळ्या चालू आहेत, मी म्हटलं, लखलखाट आहे नुसता. "बरं," म्हणाले, आणि आपल्या जागेवर गेले. त्यानंतर रिकाम्या खोल्यांच्या फेऱ्या त्यांनी थांबवल्या नाहीत, फक्त पद्धत बदलली. चोक ऐकायच्या ऐवजी बटणं चाचपायला लागले. बटण खाली म्हणजे चालू, वर म्हणजे बंद. कंपनीतला प्रत्येक बोर्ड त्यांनी बोटांनी पाठ केला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. काम चाललं होतं ना.

ते राहायचे कळंबोलीला, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावरच्या एका खोलीत, मागे छोटं स्वयंपाकघर. कंपनीच्या बसने आम्ही एकत्रच यायचो. लग्न केलं नव्हतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टेबल, टेबलाशी गल्लीकडची खिडकी. आणि खिडकीत, वायरला लोंबकळणारा साठ वॉटचा पिवळा बल्ब, इतका खाली की उंच माणसाच्या कपाळाला लागावा. मी कितीदा तरी चिडवलं, की अख्खी कंपनी बदललीत आणि स्वतःच्या घरात शेगडी? हसून म्हणायचे, असू द्या, जुना आहे, संपू द्या. मला आपलं वाटलं, चिक्कू आहेत.

संध्याकाळी त्यांच्याकडे माणसं यायची. लाइटबिलं घेऊन. कधी लोखंड बाजारातला हमाल, कधी भाजीवाली, कधी शाळेतल्या बाई. बिल वाचून दाखवायचं, की ते घरात काय काय आहे ते विचारायचे, किती तास चालतं ते विचारायचे आणि चूक नेमकी कुठे आहे ते सांगायचे. मग त्या ऑपरेटरच्या आवाजात वीजवाल्यांना फोन. दुसऱ्यासाठी दिवसाला दहा फोन करायचे. सल्लाही सरसकट नसायचा. संडासातला बल्ब दिवसाला दहा मिनिटं जळतो, तो राहू द्या, त्याचा पैसा तुमच्या हयातीत फिटायचा नाही. आधी स्वयंपाकघरातला बदला. असं. पैसे कुणाकडून घेतले नाहीत. चहा मात्र प्रत्येकाला पाजायचे, आणि चहा होईस्तोवर माणूस बोलतो, त्याच्यासाठी तर सगळा खटाटोप होता. हे मला फार उशिरा कळलं.

येणाऱ्यांसाठी त्यांचा नियम होता. "दिवा दिसला तर या. नसला तर मी घरी नाही, किंवा झोपलोय, असं समजा. उगीच दार ठोकत बसू नका." साडेसहाला दिवा लागायचा, साडेनऊला बंद व्हायचा. सगळी गल्ली हा नियम पाळायची. दिवा त्यांना स्वतःला काय उपयोगाचा? तो आमच्यासाठी असायचा.

ते रिटायर झाले तेव्हा भेट काय द्यायची यावर चर्चा झाली. घड्याळ नको, शाल नको. मीच टाळी वाजवून म्हटलं, एलईडी! ज्या माणसाने कंपनीचं एवढं बिल वाचवलं, त्याच्या घरी शेगडी जळतेय. वर्गणी काढून एलईडीची एक पट्टी घेतली. वायरमन बोलावला. ती लोंबकळणारी वायर काढून टाकली. मी स्वतः उभी राहून काढून घेतली, कारण ती मला कधीपासून खुपत होती. पट्टी खिडकीच्या वर, छताजवळ बसवली.

"किती उंच आहे?" त्यांनी विचारलं.

छताला लागून, म्हटलं, उजेड खोलीभर पडतो.

"बरं," ते म्हणाले.

तोच तो शब्द. शेडच्या दारातला. मला तेव्हाही ऐकू आला नाही. मग खोक्यावर आयुष्य किती लिहिलंय ते त्यांनी वाचून घेतलं. पंचवीस हजार तास. रोजचे तीन तास धरून भागाकार केला आणि म्हणाले, बावीस वर्षांच्या वर. म्हणजे माझ्यानंतरही चालणार. सगळे हसले, पेढे खाल्ले.

पट्टी बावीस महिने चालली.

मे महिना होता. शेजारची खोली गावाला गेलेली, निम्मी गल्ली कुलूपबंद. ते स्वतःही एक-दोन दिवसांत जासईला बहिणीकडे जाईन म्हणाले होते. तिचा नवरा तिथे कंटेनरच्या यार्डात कामाला. म्हणून एका संध्याकाळी त्यांच्या खिडकीत अंधार दिसला तेव्हा मी म्हटलं, गेले वाटतं. दुसऱ्या दिवशीही अंधार. तिसऱ्या दिवशी भाजीवाली कोपऱ्यावरून खिडकीकडे बघून परत वळताना मी पाहिली. मी स्वतः त्या आठवड्यात पाच वेळा तिथून गेले. खोटं कशाला बोलू, एके दिवशी माझ्याकडे पाहुणे यायचे होते आणि तो अंधार बघून मला बरंच वाटलं, की चला, आज थांबावं लागणार नाही.

रविवारी सकाळी ते मला मंडईत दिसले, पिशवी हातात, काठी टेकत. मी मागूनच म्हटलं, जासईहून कधी आलात?

"गेलोच नाही," ते म्हणाले. "बहिणीकडं कांजिण्या निघाल्यात. नको म्हणाली."

मग दिवा का लावत नाही, मी विचारलं.

"रोज साडेसहाला लावायलो की," ते म्हणाले. आणि काठी घराकडे वळवली.

आम्ही तसेच त्यांच्या खोलीवर गेलो. आत शिरल्याशिरल्या आंबूस वास आला. ओट्यावर चार भांडी झाकून ठेवलेली. एकटा माणूस आणि चार भांडी दही. येणाऱ्यांच्या चहासाठी ते रोज अर्धा लिटर दूध जास्त घ्यायचे आणि कुणी आलं नाही की रात्री विरजण लावायचे. आठ दिवस हेच चाललं होतं. आधीची भांडी सकाळी येणाऱ्या कामवालीला देऊन टाकली होती.

मी खिडकी लावून घेतली, पडदा ओढला, म्हणजे नीट कळावं. बोर्डाशी गेले आणि बटण खाली केलं. वर बघितलं. ते माझ्या मागे उभे होते, मान कलती करून.

"लागला ना?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी पुढे होऊन बटणावर बोट ठेवलं. बटण खालीच होतं. एकदा वर केलं, पुन्हा खाली केलं. मी नुसती मान हलवली आणि मग आठवलं, की मान हलवून उपयोग नाही. नाही लागत, पुन्हा म्हटलं. मला वाटलं, आता ते त्या पट्टीला शिव्या घालतील, किंवा आम्हाला घालतील, आणि घालायलाच हव्या होत्या. ते खुर्चीवर बसले. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला त्यांच्याकडे बघवेना.

"म्हणजे लोक येऊन गेले," ते म्हणाले.

आठ संध्याकाळी हा माणूस टेबलाशी बसून होता. चपलांचे आवाज गल्लीत यायचे, खिडकीपाशी थोडे थांबायचे आणि पुढे जायचे. ते त्यांना ऐकू येत होतं, हेच सगळ्यात वाईट. त्यांनी मनाशी धरलं होतं, की आता आपलं काम कुणाला उरलं नाही. कंपनी सुटली तशी माणसंही सुटली. लोकांच्या घरोघरी एलईडी लागले, बिलं कमी झाली, येतील कशाला? स्वतःच्याच सल्ल्यांनी आपलं घर रिकामं केलं असाही हिशेब त्यांनी मांडून ठेवला होता.

"तुम्ही किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"पाच," मी म्हटलं. पाहुण्यांचं सांगितलं नाही.

त्यांनी बोटावर पाच मोजले. मग भाजीवाली, मग हमाल, मी ज्यांना ज्यांना वळताना पाहिलं होतं ते सगळे विचारून घेतले. मला त्यांचा भयंकर राग आला आणि स्वतःची लाज वाटली, दोन्ही एकदम. राग आधी बाहेर पडला. अहो, एक फोन करता आला नाही? आठ दिवस दही लावत बसलात! कंपनी सुटून दोन वर्षं होत आली, कुठली लाइन आणि कुठला नियम? ते शांतपणे ऐकून घेत होते. माझं संपल्यावर म्हणाले, फोन करून काय सांगायचं? मला करमत नाही, या, असं? ते नाही जमलं मला.

आणि मग त्या जुन्या बल्बचं त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. तो हाताच्या उंचीवर का होता ते. संध्याकाळी बटण दाबलं की ते तळवा वर धरायचे. ऊब लागली की समजायचं, आपण गल्लीला दिसतोय. मी कपाळावर हात मारून घेतला. मग हे आधी का नाही सांगितलंत, वायर काढत होतो तेव्हा? म्हणाले, तुम्ही एवढ्या हौसेने आणलेलं. आणि हिशेब तर माझाच होता, तो बरोबरच होता. एलईडीत काही वाया जात नाही.

"पण चौदा," ते म्हणाले, "जे वाया जायचं, तेच माझ्या वाट्याला यायचं."

साठचा पिवळा बल्ब आता शोधायला जा म्हणजे कळेल. कळंबोलीत तीन दुकानदार मला हसले. चौथ्याने विचारलं, कोंबडीची पिल्लं ठेवलीत का उबेला? मी हो म्हटलं, कोण समजावत बसणार! त्याने पोटमाळ्यावरून धुळीने भरलेलं खोकं काढलं, मी चार घेतले. पट्टीची गॅरंटी दोन महिने शिल्लक होती, ती मात्र भांडून बदलून आणली, आणि ती स्वयंपाकघरात लावली, कारण तिथे कामवालीला उजेड लागायचा. वायर पुन्हा खिडकीत लोंबकळली. ह्या वेळी उंची त्यांनी हात वर करून स्वतः ठरवली, कुणाच्या कपाळाला लागू नये म्हणून पहिल्यापेक्षा थोडी वर.

पहिल्या संध्याकाळी बल्ब लागल्यावर त्यांनी सवयीने हिशेब केलाच. पट्टी दहा वॉटची, हा साठचा. महिन्याला साडेचार युनिट जास्त. वर हा बल्ब वर्षभरात जाणार, तो खर्च वेगळा. मी विचारलं, मग? "मग काय," ते म्हणाले, "परवडतंय." तेवढ्यात भाजीवाली आली, कुठे गेला होतात म्हणून भांडायलाच लागली, आणि त्यांनी ते भांडण मोठ्या आवडीने ऐकून घेतलं. सगळ्यांना दही वाटलं.

नियम मी बदलून टाकला. गल्लीत सगळ्यांना सांगितलं, अंधार दिसला तर दार वाजवायचं. त्यांना ते फारसं पसंत नव्हतं, पण त्यांनी चालवून घेतलं.

ते गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. जासईला बहिणीकडे गेले होते, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्या खोलीत हल्ली एक नवरा-बायको राहतात, दोघंही कामावर जातात. मी माझ्या घरात सगळीकडे एलईडी लावलेत. बिल कमी येतं, आणि दर महिन्याला ते हातात आलं की वाचून दाखवायला कुणी नाही याचं वाईट वाटतं. उगीच नाही सांगत, खरंच वाटतं.

जाण्याच्या थोडं आधीची एक संध्याकाळ आहे. मी बिल घेऊन निघाले आणि खिडकीत अंधार होता. पळतच जाऊन दार वाजवलं. आतून आवाज आला, "या चौदा, पण दारातच थांबा, मध्ये स्टूल आहे." बल्ब गेला होता. त्यांचा तळवा गार राहिला, म्हणजे त्यांना लगेच कळलं होतं, आणि ते काळ्याकुट्ट अंधारात स्टुलावर चढून नवा बल्ब बसवत होते. मी मोबाइलचा उजेड पाडू का विचारलं, तर ते मोठ्याने हसले. आपण बल्ब बदलायला टॉर्च शोधतो, मेणबत्ती शोधतो. त्यांचे हात सरळ होल्डरवर होते. बटण दाबायला मात्र मला सांगितलं.

बटण दाबलं आणि पिवळा उजेड एकदम डोळ्यांत आला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते अजून स्टुलावरच होते, तळवा बल्बखाली धरून, तोंड खिडकीकडे. खाली उतरा, पडाल, मी म्हटलं. त्यांनी दुसऱ्या हाताने मला गप्प राहायची खूण केली. गल्लीत कुणाच्या तरी चपला वाजत होत्या. त्या खिडकीपाशी थांबल्या आणि दाराकडे वळल्या.

"आधण ठेवा," ते म्हणाले. "कुणीतरी यायलंय."